पत्त्याची दुसरी ओळ

जूनमध्ये आमच्या विभागात चौदा संगणक आले,
थर्माकोलच्या चुऱ्यासकट.
नटुभाईंनी तो आठवडाभर झाडला
तरी पंख्याखाली उडतच राहिला,
आणि उद्घाटनाच्या भाषणात "पेपरलेस" हा शब्द आला
तेव्हा नेमका एक दाणा साहेबांच्या मिशीवर बसला.

मी हसले नाही. माझी नोकरी सात वर्षं उरलीय.

चांगलं झालं ते आधी सांगते.
पायऱ्यांशेजारी उतार बांधला.
त्याआधी भाविक पटणीला
मित्र खुर्चीसकट उचलून नेत, एकोणीस पायऱ्या,
आणि वर पोचेपर्यंत तो कुणाकडेच बघत नसे.
आता एकटा येतो. मुद्दाम उशिरा येतो,
बाकीच्या पोरांसारखा,
आणि बोलणी खातो.

फळ्यावर बोट फिरवलं की नकाशा मोठा होतो.
पोतनीससर घरी नातीकडून शिकून येतात,
पण तास संपला की अजून हात झटकतात,
नसलेल्या खडूचे.

माझ्या वाट्याला जुनी रजिस्टरं.
पान उघडा, दिव्याखाली धरा, क्लिक.
मग रकाने भरा. लाल तारा असेल तो रिकामा चालत नाही.

ऑगस्टात, विश्वामित्रीचं पाणी पुलाला टेकलेलं,
रस्त्यावर आलेल्या मगरीचा व्हिडिओ सगळ्यांच्या फोनवर,
तशात अनसूयाबाई खानविलकर आल्या.
दांडिया बाजारातून, रिक्षानं.
"पदवी घ्यायची राहिली होती," म्हणाल्या,
जसं कुणी म्हणावं, दूध घ्यायचं राहिलं.
किती वर्षं? त्यांनी बोटं मोजायला घेतली
आणि पंचावन्नाशी सोडून दिली.

पोर्टल म्हणालं: नोंद आढळली नाही.
माहेरचं? धायबर.
धायबर इंग्रजीत पाच तऱ्हांनी लिहून पाहिलं.
नोंद आढळली नाही. नोंद आढळली नाही.

मग मी माळ्यावर गेले.

सत्तेचाळीसावं पान, कडेला पाण्याचा तपकिरी नकाशा.
धायबर अनसूया केशव. दुसरा वर्ग.
आणि समासात पेन्सिलीनं, बारीक:
"चौथा पेपर. रस्त्यात पाणी, ५० मिनिटे उशीर.
साडी ओली होती. बसू दिले. वेळ वाढवून दिला."
खाली सही, न लागणारी.

बाईंनी चष्मा पुसला, पुन्हा लावला.
"साडी ओली होती, हेसुद्धा लिहिलं त्यांनी?"
चेहरा आठवत नव्हता. आवाजही नाही.
"पंचा दिला होता," बऱ्याच वेळानं म्हणाल्या,
"परत करायचा राहिला."

मी पान दिव्याखाली धरलं.
पडद्यावर आलं ते अगदी स्वच्छ.
पाण्याचा डाग नाही, पेन्सिल नाही.
यंत्र अशी घाण आपोआप काढतं,
तसं माहितीपत्रकात ठळक छापलेलंही आहे.

अहमदाबादला फोन लावला.
मुलगा बिचारा सालस होता.
"मॅडम, शेरा माटे फील्ड नथी. पुढच्या व्हर्जनमध्ये बघू."
मागे कुणीतरी चहा मागत होतं.

नाव. वर्ष. गुण. वर्ग. मोबाइल.
पत्ता, ओळ एक: घर नंबर, दांडिया बाजार.
पत्ता, ओळ दोन: ऐच्छिक. चाळीस अक्षरं.

मी आजूबाजूला पाहिलं.
नटुभाई स्टूलवर डुलकी घेत होते.
सगळं मावणार नव्हतं.
पन्नास मिनिटं सोडली, वाढवलेला वेळ सोडला.
मग एका बोटानं टाइप केलं:
साडी ओली होती. बसू दिले.
आणि सेव्ह दाबलं.

लिफाफ्यावरचा पत्ता मशीनच छापतं,
हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

नवरात्राच्या आधी बाईंचा फोन आला.
पदवी पोचली. टपालवाला नवा पोरगा होता,
दारात उभा राहून लिफाफा दोनदा वाचला म्हणे,
आणि विचारलं,
"बा, आ सोसायटी क्यां आवी?"